साखळी, सांधा आणि कस : महाराष्ट्रातील हस्तघडणीच्या दागिन्यांतील साखळीच्या निवडीचा इतिहास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील पारंपरिक अलंकारांचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष साहजिकच ठुशी, नथ, वज्रटीक, कोल्हापुरी साज अशा ठसठशीत घाटाच्या दागिन्यांकडे जाते. साखळीच्या वाट्याला मात्र फारसे लेखन आलेले नाही. पदक अडकविण्याचे साधन किंवा दोन भाग जोडणारा दुवा एवढेच तिचे स्थान मानले गेले. सोनार आणि गिऱ्हाईक यांच्यातील शतकानुशतकांच्या व्यवहाराकडे पाहिले तर चित्र वेगळे दिसते. कोणत्या घडणीची साखळी घ्यावी हा प्रश्न शोभेइतकाच सोन्याच्या कसाचा होता. हा कस साखळीच्या प्रत्येक कडीच्या सांध्यात पणाला लागत असे. सांधा कसा घातला जातो, त्यात हीण किती मिसळते आणि दागिना आटविल्यावर हाती किती सोने उरते, या तीन गोष्टींनी साखळीची निवड घडविली. सोनाराविषयीच्या लोकापवादाचे मूळही काही अंशी याच सांध्यात सापडते. त्या दृष्टीने साखळीच्या इतिहासाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

धाग्यावरची संपत्ती

मराठी घराण्यांतील गळ्यातल्या दागिन्यांची यादी चाळली असता एक बाब चटकन ध्यानात येते. बोरमाळ, मोहनमाळ, एकदाणी, पुतळ्यांची माळ, ठुशी, साज यांपैकी बहुतेक दागिने मुळात धाग्यावर ओवलेले किंवा गाठविलेले असत. सोनाराने मणी, पाने किंवा टिकल्या घडवायच्या आणि पटवेकऱ्याने त्या रेशमी अथवा सुती दोऱ्यात गाठवायच्या अशी कामाची वाटणी होती. दागिना गळ्यात नीट बसणे, मागचा गोंडा आणि सरकती गाठ ही पटवेकऱ्याची करामत. सोनाराच्या मानाने या कारागिराची नोंद इतिहासाने फारच कमी घेतली आहे.

धाग्याला पसंती मिळण्यामागे केवळ रूढी नव्हती. पुतळ्यांच्या माळेचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाट नाण्यावर मानवी आकृती असत, म्हणून त्याला येथे 'पुतळी' हे नाव पडले. हे नाणे जवळजवळ शुद्ध सोन्याचे होते. त्याला एक नाके जोडले की ते माळेत ओवता येई. नाणे अखंड राहत असल्याने त्याचा कसही अबाधित राही. अडचणीच्या काळात माळेतील दोन पुतळ्या काढून विकल्या तरी उरलेली माळ पुन्हा गाठवून गळ्यात घालता येत असे. धागा तुटण्याचा धोका होताच. परंतु तुटलेल्या धाग्याने सोन्याचा कस कमी होत नव्हता. नवा दोरा घातला की काम भागे.

साखळीची जुनी परंपरा

याचा अर्थ भारतीय कारागिरास साखळी ठाऊक नव्हती असा नाही. 'साखळी' हा शब्द संस्कृत 'शृंखला' या शब्दापासून प्राकृतमार्गे मराठीत आला. अमरकोशात स्त्रीच्या कटिभूषणास मेखला, कांची, रशना अशी नावे दिलेली असून पुरुषाच्या कटिभूषणास शृंखल म्हटले आहे. मराठी पुरुषांच्या व मुलांच्या कमरेचा चांदीचा करदोडा पाहता हा भेद विशेष लक्षणीय वाटतो.

सर जॉन मार्शल यांनी १९१३ ते १९३४ या काळात तक्षशिला येथे उत्खनन केले. तेथील सिरकप या नगरात सोन्याचे जे अलंकार मिळाले त्यांत कडीत कडी गुंफून केलेल्या साखळ्या आहेत. याच जातीच्या साखळ्या मेसोपोटेमियातील उर येथील राजघराण्याच्या थडग्यांत, म्हणजे त्याहून सुमारे अडीच हजार वर्षे आधी, आढळल्या आहेत. या घडणीचे तंत्र मुद्दाम समजून घेण्यासारखे आहे. प्रथम तारेची सुटी वळी करून प्रत्येक वळ्याची टोके जोडून घेतात. मग ते वळे दोन्ही बाजूंनी दाबून लांबट करतात व मध्ये दुमडतात. दुमडलेल्या वळ्याच्या दोन डोळ्यांतून पुढचे वळे ओवले जाते. वळी गुंफण्यापूर्वीच जोडलेली असल्यामुळे साखळी तयार होताना तिला आगीजवळ नेण्याची गरज पडत नाही. शिवाय सोने पुरेसे शुद्ध असेल तर वळ्याची टोके नुसत्या उष्णतेने एकजीव करता येतात. वेगळे हीण लागत नाही. मात्र त्यासाठी धातू अतिशय मऊ असावा लागतो. कठीण सोने दुमडताना चिरते.

मराठीतील 'गोफ' हा दागिना विणकामाच्या याच व्यापक कुळात ठेवता येईल. गोफ म्हणजे विणलेली दोरी, आणि दागिन्याचे रूपही तसेच, तारांच्या विणीचे. स्त्रिया व पुरुष दोघेही तो वापरीत. गोफाला सोने भरपूर लागे आणि कारागिराचे दिवसही. त्यामुळे तो संपन्न घरांपुरताच राहिला.

झाळीचा हिशेब

सर्वसाधारण साखळीची घडण याहून सोपी होती. सोने मुशीत वितळवून त्याची कांब ओतायची, ती ठोकून लांबवायची आणि जंतराच्या क्रमाने लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढून तिची तार काढायची. ही तार सळईवर गुंडाळून कापली की एकसारख्या कड्या मिळतात. कडीत कडी अडकवून प्रत्येक कडीचे तोंड झाळायचे. येथेच खरी अडचण उद्भवते. शुद्ध सोने १०६४ अंश सेल्सियसला वितळते. झाळीचे मिश्रण कडीच्या सोन्याआधी वितळले पाहिजे, नाहीतर कडीच विरघळेल. म्हणून झाळीत तांबे, चांदी वा जस्त अधिक घालावे लागते. टाकणखार लावून फुंकणीने ज्वाला दिली की हे मिश्रण फटीत उतरते आणि तेथेच राहते. म्हणजे सोनार कितीही सचोटीचा असला तरी झाळीबरोबर हीण दागिन्यात शिरणारच.

एका कल्पित उदाहरणाने हे स्पष्ट होईल. बावीस कॅरट सोन्यात हजारी सुमारे ९१७ भाग शुद्ध सोने असते. साखळीच्या एकूण वजनात दहावा हिस्सा झाळीचा असला आणि झाळीत हजारी ६०० भागच सोने असले, तर आटविल्यानंतर साऱ्या साखळीचा कस हजारी ८८५, म्हणजे सव्वाएकवीस कॅरटच्या आसपास भरतो. पाटलीत किंवा गोठात सांधे मोजकेच असल्यामुळे ही घट नगण्य असते. साखळीत मात्र कड्या शेकड्यांनी असतात. कडी जितकी बारीक तितके सांधे अधिक आणि वजनाच्या प्रमाणात झाळही अधिक. नाजूक साखळी मोडीत घालताना गिऱ्हाइकाला जो धक्का बसे त्याचे कारण हेच होते. चंद्रहारासारख्या दागिन्यात कड्या रुंद व भरीव ठेवण्याकडे जो कल दिसतो, त्यामागे शोभेबरोबर हा हिशेबही असावा असे मानण्यास जागा आहे.

दुरुस्तीमुळे ही घट वाढत जाई. साखळी तुटली की नवा सांधा घालताना शेजारचे जुने सांधे सुटू नयेत म्हणून आधीच्यापेक्षा लवकर वितळणारी, म्हणजेच अधिक हिणकस झाळ वापरावी लागते. दोन-तीन पिढ्या वापरलेली, चार ठिकाणी डागडुजी झालेली साखळी मूळच्या कसाची राहणे शक्यच नव्हते.

सोनार, शिंपी आणि कुलकर्णी यांची संगत टाळावी असे सांगणारी म्हण मराठीत सर्वपरिचित आहे. सोनाराला घरी बोलावून ओसरीवर बसवावे व दागिना डोळ्यांदेखत घडवून घ्यावा ही जुनी चालही याच अविश्वासातून आली. लबाडी मुळीच होत नव्हती असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. दुकानातील धूळ व राख धुऊन सोन्याचे कण काढणाऱ्या झारेकऱ्यांचा स्वतंत्र व्यवसाय होता, यावरून किती सोने कानशीत आणि राखेत जाई याची कल्पना येते. तथापि जी घट झाळीच्या धर्मामुळे होत होती तिचाही दोष सरसकट सोनाराच्या हाताला लावला गेला, ही बाब न्यायाला धरून नव्हती. गिऱ्हाइकास वजन कळत होते, कसोटीवर पृष्ठभागाचा कस दिसत होता. कडीच्या तोंडात काय दडले आहे ते मात्र आटणीखेरीज कळण्याचा मार्ग नव्हता.

पिळाचा मार्ग

धागा आणि झाळ यांच्या दरम्यान एक तिसरा मार्ग मराठी घडणीत रूढ झाला. मंगळसूत्राचे काळे मणी पूर्वी दोऱ्यात ओवले जात. पुढे ते सोन्याच्या बारीक तारेत गाठविण्याची पद्धत आली. मण्यातून तार काढायची, तिच्या टोकाला डोळा करायचा आणि उरलेली तार स्वतःभोवतीच पिळून बसवायची. पुढच्या मण्याची तार या डोळ्यात अडकते. येथे झाळ लागत नाही, म्हणून तारेचा कस तारेतच राहतो. गाठविण्याच्या क्रियेशी नाते सांगणारा 'गंठण' हा शब्द लांब मंगळसूत्राला मिळाला तो या कामाला साजेसाच आहे. पीळ झाळीइतका भक्कम नसतो. कपड्यात अडकून डोळा उघडतो. पण चिमट्याने तो पुन्हा बसविता येतो आणि त्यासाठी अग्नी लागत नाही. सोनार व पटवेकरी या दोघांचीही विद्या एकाच दागिन्यात आली, हे या घडणीचे वैशिष्ट्य होय.

चांदीच्या बाबतीत मात्र गिऱ्हाइकाने झाळ बऱ्याच अंशी गृहीत धरलेली दिसते. पैंजण, तोरड्या, छल्ले यांना कड्यांची व घुंगरांची दाटी असल्याने त्यांचा टंच पूर्ण उतरणे दुर्मीळच. कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी हे गाव याच कामासाठी प्रसिद्ध असून तेथे दागिन्यांच्या घडणीचे अनेक टप्पे घरोघरी पार पडतात.

चौदा कॅरटचा काळ

१९६२ च्या चीन युद्धानंतर परकीय चलनाची तंगी व सोन्याची चोरटी आयात रोखण्यासाठी केंद्र सरकारने जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण नियम लागू केले. तत्कालीन अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्या या धोरणाने १४ कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी आली. या निर्णयाच्या आर्थिक परिणामांची चर्चा पुष्कळ झाली आहे. कारागिरीच्या अंगाने त्याचा विचार क्वचितच झाला. १४ कॅरट सोन्यात हजारी सुमारे ५८५ भागच सोने असते. असा धातू कठीण असतो. तो वारंवार तापवून मऊ करावा लागतो आणि आगीत काळवंडतो. मऊ सोन्यावर पोसलेली विणीची व पिळाची घडण त्याला सहजी मानवत नाही. ज्या सोनाराचा हात बावनकशी किंवा बावीस कॅरट सोन्यावर बसला होता, त्याचे कसब एका आदेशाने निरुपयोगी ठरले. देशभर हजारो सुवर्णकार बेकार झाले आणि त्यांच्या आत्महत्यांच्या बातम्याही आल्या. १९६६ मध्ये १४ कॅरटची अट उठली. तथापि १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने सामान्य नागरिकास कांब वा बिस्किटाच्या स्वरूपात सोने बाळगण्याची मनाई कायम ठेवली. तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला. मधल्या काळात बचतीचे सोने दागिन्याच्या रूपातच ठेवणे भाग असल्याने आटणीत कमी घट येणारी, भरीव कड्यांची साखळी घेणे शहाणपणाचे मानले गेले.

कॅडमियम, यंत्र आणि आटणी

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत झाळीच्या जुन्या प्रश्नाला एक नवे उत्तर मिळाले. ९२ भाग सोने व ८ भाग कॅडमियम अशी झाळ वापरली की सांधाही जवळपास दागिन्याच्याच कसाचा होतो. 'केडीएम' ही अक्षरे शुद्धतेची खूण म्हणून दुकानोदुकानी मिरवू लागली. गिऱ्हाइकाची जुनी तक्रार मिटली, पण तिची किंमत कारागिराच्या फुप्फुसांनी व मूत्रपिंडांनी चुकविली. कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळते. ज्वालेखाली त्याची विषारी वाफ थेट फुंकणी धरणाऱ्याच्या नाकातोंडात जाते. बारीक साखळीचे शेकडो सांधे दिवसभर झाळणाऱ्यास हा धोका सर्वाधिक होता, हे सांगावयास नको. पुढे कॅडमियमऐवजी जस्त व इतर धातूंच्या झाळी आल्या.

त्याच सुमारास यंत्रावर घडलेल्या साखळ्यांनी बाजार व्यापला. बॉक्स, रोप, फिगारो, कर्ब ही नावे सराफी पेढ्यांवर रुळली. इटलीतील अरेझ्झो व व्हिचेन्झा ही शहरे या उद्योगासाठी जगप्रसिद्ध आहेत. यंत्रासाठी कित्येकदा पोटात झाळ भरलेलीच तार वापरतात. कड्या गुंफून झाल्यावर साखळी भट्टीतून काढली की सारे सांधे एकदम बसतात. झाळीचे प्रमाण आधीच ठरलेले असल्याने कसाचा अंदाज पक्का राहतो. हाताच्या साखळीचा सांधा कारागिरागणिक बदलत होता, तो येथे एकसारखा झाला. पोकळ कड्यांमुळे साखळी थोड्या वजनात भरदार दिसू लागली. मात्र अशी साखळी पोचली वा तुटली तर गावच्या सोनाराला ती सांधणे कठीण जाते. हस्तघडणीची साखळी मागे पडण्यास घडणावळीतील फरकाइतकीच कसाची ही हमी कारणीभूत झाली.

भारतीय मानक ब्यूरोने २००० मध्ये सोन्याच्या दागिन्यांसाठी हॉलमार्क योजना सुरू केली. १६ जून २०२१ पासून २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क अनिवार्य झाला आणि एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांकाची अट आली. या व्यवस्थेत झाळीसकट संपूर्ण दागिना घोषित कसाला उतरावा लागतो. कडीच्या तोंडात काय आहे हा प्रश्न प्रथमच सोनार व गिऱ्हाईक यांच्या बाहेरील तिसऱ्या पक्षाकडे गेला.

जुन्या साखळ्यांचा निवाडा मात्र मुशीतच होतो. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतील असंख्य कुटुंबे 'गलाई' म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या व्यवसायासाठी देशभरच्या सराफी बाजारांत जाऊन स्थायिक झाली आहेत. विट्याहून दूर दक्षिणेत वा उत्तरेत एखाद्या अरुंद गल्लीत बसलेला हा मराठी गलाईवाला आजीच्या काळची साखळी भट्टीत टाकतो. घटीचा आकडा गिऱ्हाइकाला प्रथम त्याच्याच तोंडून कळतो, आणि साखळी घडविणारा सोनार तोवर बहुधा हयात नसतो.