काठीच्या पोटातील तार

बोलपटाचा इतिहास सांगताना नट, दिग्दर्शक, फार तर मायक्रोफोन एवढ्यांचाच उल्लेख होतो. तो मायक्रोफोन ज्या लांब काठीच्या टोकाला टांगतात ती काठी, म्हणजे बूम, आणि तिच्या पोटातून जाणारी तार यांच्याकडे कोणी फारसे वळत नाही. आम्ही साहित्याचे अध्यापक. विजेच्या तारांशी आमचा संबंध तो किती! तथापि उच्चारलेला शब्द श्रोत्यापर्यंत अखंड पोहोचतो की वाटेत गळतो, हा प्रश्न आमच्याही आस्थेचा आहे.

१९२९ साली ‘द वाइल्ड पार्टी’ या पॅरामाउंटच्या बोलपटात क्लारा बो हिला मायक्रोफोनच्या धाकाने मोकळेपणी हिंडता-फिरता येईना. तेव्हा दिग्दर्शिका डोरोथी आर्झनर यांनी मायक्रोफोन मासे धरण्याच्या काठीला बांधून तिच्या डोक्यावरून फिरवला, असे सांगितले जाते. या कल्पनेचे श्रेय इतरांनाही दिले जाते, पण त्या वादात आम्ही शिरत नाही. अशा हाती धरायच्या काठीला इंग्रजीत आजही गळाच्या काठीचेच नाव आहे. आपल्याकडे १९३१ मध्ये अर्देशिर इराणींनी ‘आलम आरा’ काढला, तेव्हा बूम नव्हता. मायक्रोफोन कॅमेऱ्याच्या नजरेआड, नटांच्या आसपास दडवावे लागत. शेजारून आगगाड्या जात म्हणून चित्रण बव्हंशी रात्री होई. शब्द स्वच्छ मिळावा यासाठी माणसांनी झोप मोडली, ही गोष्ट आम्हांला विशेष वाटते.

पुढे काठी एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची झाली, आणि बाहेरून गुंडाळलेली तार पुष्कळ काठ्यांत आत गेली. सोय झाली खरी. काठी लांब-आखूड करताना तार सोडवत बसणे टळले. परंतु पोकळ नळी हे एक प्रकारे वाद्यच. तिच्यातली स्प्रिंगसारखी वेटोळ्यांची तार, काठी एका नटाकडून दुसऱ्याकडे झटकन वळवली की, भिंतीवर आपटते आणि तो ठोका थेट मायक्रोफोनपर्यंत चढतो. दुसरा रोग विजेचा. मायक्रोफोनमधून निघणारा विद्युत्संकेत काही मिलिव्होल्टचा, कुजबुजीला त्याहूनही क्षीण. तारेतील दोन वाहकांतून तो उलटसुलट रूपात जातो. बाहेरचा उपद्रव दोहोंत सारखाच शिरत असल्याने शेवटी वजा होतो. कंडेन्सर मायक्रोफोनला लागणारा ४८ व्होल्टचा पुरवठा याच दोन वाहकांतून वर जातो आणि भोवतीच्या जाळीदार आवरणातून परततो. जाळीचे चार धागे प्लगपाशी तुटले की हा परतीचा मार्ग क्षणोक्षणी खंडित होतो आणि कानठळ्या बसवणारी खरखर ऐकू येते.

म्हणून निदान आधी, हत्यारे मागून. वेगळी, धड तार काठीच्या बाहेरून मायक्रोफोनला जोडावी. खरखर थांबली तर आतील तार किंवा तिचे प्लग सदोष. ठोके मात्र तसेच राहिले तर गोंधळून जाऊ नये. आतल्या तारेतून आता आवाज वाहत नसला तरी ती नळीत आहेच, आणि आपटतेही आहे. ती पूर्ण उपसून काठी पुन्हा हलवली की शंका फिटते. ठोक्यांवर डाख देणे व्यर्थ. तेथे वेटोळ्यांना ताण राहील इतपत नळ्या ओढून घ्याव्यात, अथवा सैल झालेली तार बदलावी. खरखरीसाठी काठी स्थिर धरून दोन्ही टोकांचे प्लग एकेक करून हलवावेत. बहुधा दोष तेथेच सापडतो, कारण वाकण्याचा सगळा भार त्या बोटभर लांबीवर येतो. तेवढा तुकडा कापून टाकावा, ताज्या टोकांना नव्याने डाख द्यावा आणि तारेला ओढ बसणार नाही अशी पकड आवळावी. नुसता सुटलेला धागा पुन्हा चिकटवणे ही आमच्या मते दुरुस्ती नव्हे. झिजलेली तार शेजारीच पुन्हा तुटते.

हे ज्ञान आपल्याकडे बराच काळ दुय्यम ठरले. १९६०नंतर आवाज करणारे हलके कॅमेरे घेऊन चित्रण बाहेर पडले आणि स्थळावरचा आवाज हा डबिंगसाठी केवळ मार्गदर्शक उरला. काठीत खरखर असली तरी बिघडत नसे. संवाद पुढे बंद खोलीत पुन्हा म्हटले जात. त्यात काय गेले, हे नाटक ऐकणाऱ्याला सांगायला नको. धापा टाकत, उन्हात बोललेले वाक्य महिन्यांनी गार खोलीत तसेच उमटत नाही.

२००१च्या ‘लगान’मध्ये आशुतोष गोवारीकर आणि ध्वनिमुद्रक नकुल कामटे यांनी कच्छच्या उघड्या माळावर, प्रचंड जमावात, प्रत्यक्ष चित्रणाच्या वेळचेच संवाद घेतले. हिंदी चित्रपटांत त्यानंतर ही पद्धत रुजत गेली. तेव्हापासून पहिल्या शॉटपूर्वी हेडफोन लावून काठी रिकामीच इकडून तिकडे झुलवून पाहणारा माणूस चित्रणस्थळी दिसू लागला. त्याच्या पेटीत डाखाची कांडी असते आणि एक जादा तारही.