माळढोक, विजेच्या तारा आणि माळरान : ऊर्जा प्रकल्पांचा वन्यजीवांवर होणारा परिणाम

वीज कशापासून तयार होते एवढे पाहून ती स्वच्छ की अस्वच्छ हे आपण ठरवून टाकतो. कोळसा वाईट, सूर्य आणि वारा चांगले. धूर आणि हवा एवढ्यापुरते हे बरोबर आहे. पण वीज तयार करायला जमीन लागते, ती वाहून न्यायला तारा लागतात आणि त्या जमिनीवर आधीपासून कोणी ना कोणी राहत असते. भारतात या प्रश्नाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे माळढोक.

माळढोक (शास्त्रीय नाव आर्डिओटिस नायग्रिसेप्स) हा उघड्या गवताळ माळावरचा पक्षी. उंची सुमारे एक मीटर. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन १५ किलोपर्यंत जाते, म्हणजे उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये हा जगातील सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक. राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात आणि तो त्या राज्याचा राज्यपक्षी आहे. टोळ, भुंगे, सरडे, धान्य, बोरे असे मिळेल ते तो खातो. मादी जमिनीवरच, गवताच्या आडोशाला, बहुतेक वेळा एकच अंडे घालते. ते अंडे कुत्र्याने, कोल्ह्याने किंवा गुराच्या पायाने गेले, की तो विणीचा हंगाम वाया गेला. अशा प्रजातीत दरवर्षी मोजके पक्षी जास्तीचे मेले तरी संख्या सावरत नाही.

१९६९ मध्ये देशात सुमारे १,२६० माळढोक असल्याचा अंदाज होता. २०१८ पर्यंत ही संख्या १५० च्या आसपास आली. यातील बहुतेक पक्षी राजस्थानातील जैसलमेर जिल्ह्यात आणि पोखरणच्या परिसरात आहेत. गुजरातमध्ये कच्छच्या नलिया भागात फक्त काही माद्या उरल्या. शिकार, गवताळ जमीन नांगराखाली जाणे, कालव्यांमुळे बदललेली शेती ही घसरणीची जुनी कारणे. गेल्या दोन दशकांत त्यात विजेच्या तारांची भर पडली, आणि आज उरलेल्या पक्ष्यांसाठी तोच सर्वांत मोठा धोका मानला जातो.

तारेला धडकतो म्हणजे काय?

एवढा मोठा पक्षी, त्याला तार दिसत कशी नाही, असा प्रश्न कोणालाही पडेल. उत्तर डोळ्यांच्या जागेत आहे. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे आजूबाजूचे त्याला लांबवर दिसते, पण दोन्ही डोळ्यांनी एकत्र दिसणारा समोरचा पट्टा अरुंद असतो. उडताना खालचा माळ न्याहाळण्यासाठी त्याने मान खाली केली, की उडण्याच्या दिशेने तो जवळपास आंधळाच होतो. तार दिसते तेव्हा अंतर थोडे उरलेले असते आणि जड शरीरामुळे झटकन वळता येत नाही. टॉवरच्या सर्वांत वर जी बारीक अर्थ वायर असते, ती तर दिसायला आणखी अवघड.

येथे एक फरक लक्षात घ्यावा. गरुड, गिधाडे असे पक्षी खांबावर बसतात आणि दोन तारांना एकदम स्पर्श झाल्याने शॉक लागून मरतात. खांबाची रचना बदलून, तारांवर आवरण घालून ते बरेचसे टाळता येते. माळढोक मरतो तो धडकेने. म्हणून तारेत वीज वाहत नसली तरी ती त्याच्यासाठी तितकीच घातक असते.

भारतीय वन्यजीव संस्थेने (डेहराडून) थरच्या वाळवंटात तारांखाली पायी फिरून मेलेले पक्षी मोजले. त्यावरून काढलेला अंदाज असा की, सुमारे ४,२०० चौरस किलोमीटरच्या त्या परिसरात वर्षाला विविध जातींचे ८० हजारांहून अधिक पक्षी तारांमुळे मरतात, आणि त्यात माळढोक सुमारे १८. उरलेल्या दीडशेतून दरवर्षी अठरा! हा हिशेब मांडायला शास्त्रज्ञ असावे लागत नाही.

न्यायालयात काय घडले

निवृत्त सनदी अधिकारी आणि वन्यजीव संरक्षक एम. के. रणजितसिंह यांनी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. १९ एप्रिल २०२१ च्या आदेशाने न्यायालयाने माळढोकाच्या अधिवासातील लघुदाब वाहिन्या जमिनीखाली नेण्यास आणि शक्य तेथे उच्चदाब वाहिन्याही भूमिगत करण्यास सांगितले. तोपर्यंत तारांवर बर्ड डायव्हर्टर, म्हणजे पक्ष्यांना दुरून दिसाव्यात अशा फिरत्या चकत्या, लावायच्या होत्या. आदेशाच्या कक्षेत जवळजवळ ९९ हजार चौरस किलोमीटर क्षेत्र येत होते.

केंद्र सरकारने यात बदल मागितला. उच्चदाब वाहिन्या एवढ्या लांबवर भूमिगत करणे तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही, खर्च प्रचंड आहे आणि २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म वीजक्षमतेचे उद्दिष्ट अडेल, असे त्यांचे म्हणणे होते. २१ मार्च २०२४ च्या निकालात न्यायालयाने सरसकट आदेश मागे घेतला आणि तज्ज्ञ समिती नेमली. याच निकालात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क संविधानाच्या कलम १४ आणि २१ मधून निघतो, असे न्यायालयाने प्रथमच स्पष्टपणे म्हटले. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये समितीच्या शिफारशींच्या आधारे प्राधान्य क्षेत्रांची नव्याने आखणी मान्य होऊन तेथील नव्या मोठ्या प्रकल्पांवर मर्यादा आल्या.

हा निकाल पर्यावरणप्रेमींना टोचला, पण त्यातला पेच खोटा नाही. तापमानवाढीचा फटका उन्हात राबणाऱ्या मजुराला आधी बसतो, त्यामुळे सौर वीज नको असे म्हणणे परवडणारे नाही. तरीही एक गोष्ट खटकते. लघुदाब वाहिन्या भूमिगत करणे तंत्राच्या दृष्टीने कधीच अशक्य नव्हते, आणि पॅनेल कोठे बसवायचे हे तर पूर्णपणे माणसाच्या हातात होते. पक्षी कोठे विणीला येतो याची माहिती आधीपासून उपलब्ध होती.

दरम्यान जैसलमेर जिल्ह्यात सम आणि रामदेवरा येथील केंद्रांत माळढोकांची पैदास केली जाते. माळावरून अंडी उचलून, उबवून २०१९ मध्ये काम सुरू झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले. हे मोठेच यश आहे, पण ही पिल्ले सोडायची कोठे, हा प्रश्न पुन्हा तारांपाशीच येऊन थांबतो.

'पडीक' जमीन

मुळातली अडचण सरकारी दप्तरातील एका शब्दात आहे. झाडे नसलेली जमीन म्हणजे पडीक, ही समजूत ब्रिटिश महसूल व्यवस्थेपासून चालत आली. गवताळ माळ हा स्वतंत्र अधिवास आहे, तेथे लांडगा, चिंकारा, काळवीट, खोकड, धाविक यांचे घर असते, हे त्या नोंदीत दिसत नाही. जैसलमेरमध्ये 'ओरण' नावाची, देवाच्या नावाने राखलेली सामाईक कुरणे आहेत. त्यांतील कित्येकांची नोंदही पडीक म्हणूनच असल्याने देगराय ओरणासारख्या ठिकाणी वीजवाहिन्या आणि सौर प्रकल्प आले, आणि पशुपालक गावकऱ्यांना विरोधासाठी उभे राहावे लागले.

त्यातच २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार सौर आणि पवन प्रकल्पांना आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागत नाही. मंजुरी नाही म्हणून जनसुनावणीही नाही. औष्णिक प्रकल्पाला जे विचारले जाते, ते शेकडो एकर कुरण व्यापणाऱ्या सौर उद्यानाला विचारले जात नाही.

हे वाचून आपल्याकडचे गायरान आठवले नाही तरच नवल. महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसाठी उपकेंद्राजवळची सरकारी आणि गायरान जमीन वापरली जाते. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी हा हेतू योग्य आहे. पण गायरान रिकामे नसते. त्यावर मेंढपाळाची मेंढरे चरतात, आणि मराठवाड्यात भूमिहीन दलित कुटुंबे पिढ्यानपिढ्या ते कसत आली आहेत. १९६४-६५ मध्ये दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली देशभर जो भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, त्याची मागणी याच प्रकारच्या जमिनींची होती. ज्या नोंदीमुळे माळढोक बेघर होतो, त्याच नोंदीमुळे माणूसही अतिक्रमणदार ठरतो.

महाराष्ट्रातील चित्र

माळढोक एकेकाळी आपल्याकडेही चांगल्या संख्येने होता. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचे अभयारण्य १९७९ मध्ये त्याच्यासाठीच झाले. कागदावर क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते, त्यात गावे, रस्ते, शेती सगळेच आले. लोकांचा रोष वाढला आणि पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. आता तेथे एखादी मादी दिसली तरी बातमी होते.

पवनचक्क्यांचा परिणाम किती खोलवर जातो हे साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावर दिसले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले की, पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी होते. परिणामी तेथे सरड्यांची संख्या वाढली. शिकाऱ्याची भीती कमी झाल्याने ते माणसाला जवळ येऊ देत होते, पण गर्दीत अन्न वाटून घ्यावे लागल्याने अंगाने रोडावले होते. पाते फिरते आकाशात आणि बदल होतो दगडाखालच्या सरड्यात.

कोळशाचे नुकसान याहून उघड आहे. चंद्रपूरला २,९२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र, भोवती खाणी आणि जवळच ताडोबा. मातीच्या ढिगाऱ्यांवर वेडी बाभूळ माजते, त्यात वाघ-बिबटे आसरा घेतात आणि कामगार वस्तीत माणसे मारली जातात. कोयनेचे उलटे आहे. धरणाच्या पाण्याने दरी बुडाली, माणसे उठवली गेली आणि मागे उरलेले जंगल पुढे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले. वाघाला जागा मिळाली, पण कोयनेच्या कित्येक विस्थापितांचा पुनर्वसनाचा लढा साठ वर्षांनंतरही चालू राहिला.

यावरचे उपाय फार गूढ नाहीत. कारखान्यांची छपरे, कालव्यांवरची जागा, खाणीनंतर उजाड पडलेली जमीन येथे पॅनेल आधी बसवावीत. नवी वाहिनी आखताना पक्ष्यांचे मार्ग आधी पाहावेत. आणि गावाने आपल्या माळाची, गायरानाची नोंद जैवविविधता कायदा २००२ खालील लोक जैवविविधता नोंदवहीत करून घ्यावी. ही नोंदवही ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे असते. आपल्या गावच्या नोंदवहीत माळावरचे पक्षी-प्राणी आणि तेथे चरणारी गुरे लिहिली आहेत का, हे ग्रामसभेत विचारता येते.