ॲग्न्यूजचे मनोरुग्णालय

“याला ठाण्याला पाठवा,” अशी थट्टा ऐकतच आपण लहानाचे मोठे झालो. ठाण्याचे ते इस्पितळ १९०१ सालचे. तेथील आपल्या शार हाशामाईम प्रार्थनालयाहून बावीस वर्षांनी धाकटे. क्युपर्टिनोत स्थायिक झालेल्या कुटुंबांना थोड्याच मैलांवर, सांता क्लारात, तशीच एक जागा आढळेल. तिची थट्टा मात्र कोणी करू नये.

१८ एप्रिल १९०६ रोजी पहाटे भूकंपात ॲग्न्यूजची विटांची बहुमजली इमारत कोसळली व शंभरांहून अधिक रुग्ण आणि सेवक मृत्यू पावले. पुढे अधीक्षक डॉ. लिओनार्ड स्टॉकिंग यांच्या कारकीर्दीत एकाच प्रचंड वास्तूऐवजी सुट्या, ठेंगण्या इमारती व भोवती बागा अशी रचना झाली. सुधारणेस ढिगाऱ्याची वाट पाहावी लागली, याचा आम्हांस खेद वाटतो.

१९६७ साली कॅलिफोर्नियाने लँटरमन-पेट्रिस-शॉर्ट कायदा केला. रुग्णास अनिश्चित काळ डांबून ठेवणे संपले. तपासणीकरिता ७२ तासांची मर्यादा आली. १९७०च्या दशकात ॲग्न्यूजमधून मनोरुग्ण बाहेर पडले. पण बाहेरची व्यवस्था तोकडी होती, आणि कित्येकांच्या नशिबी सॅन होजेची स्वस्त निवासगृहे आली. १९९०च्या दशकात त्या आवाराचा मोठा भाग सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने घेतला.

स्वतःचे कपडे घालणे, रोज आप्तांना भेटणे, दूरध्वनी करणे, न फोडलेली पत्रे मिळणे हे हक्क त्याच कायद्याने दिले. सबळ कारणाविना ते नाकारता येत नाहीत आणि त्यांची यादी संस्थेत ठळकपणे लावावीच लागते. आप्तास भेटावयास जाल तेव्हा ती प्रथम शोधावी.