भाग 27 : वाडा, लॉज आणि मुंबईतलं लोखंडी हॉटेल

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा लिखित मजकूर. बोलता बोलता झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे.)

मागे जो आवाज येतोय तो वाऱ्याचा आहे, तुमचे हेडफोन बिघडलेले नाहीत. मी आज इटियाडोहच्या धरणावर बसून रेकॉर्ड करतेय. गाढवी नदीवरचं हे मातीचं धरण 1970 चं, म्हणजे माझ्या बाबांच्या वयाचं. एरवी मी नागपूरच्या खोलीत रजई डोक्यावर घेऊन रेकॉर्ड करते, हे जुन्या श्रोत्यांना माहीत आहे. पण आजचा विषय आमच्या घरातला आहे आणि घरात बसून तो बोलता येत नाही. घरात सध्या चार माणसं एकमेकांशी नीट बोलत नाहीयेत.

झालंय असं. अर्जुनी मोरगावला बाजाराच्या बाजूला आमचा वाडा आहे. पणजोबांचे वडील मालगुजार होते, लहानसे, दोन गावांचे. सागवानी खांब, मातीच्या जाड भिंती, वर कवेलूचं छप्पर, मागे मोठी सांदवाडी. तिथे आता मोठेबाबा आणि मोठीआई दोघंच राहतात. मागच्या पावसाळ्यात पूर्वेकडची भिंत बसली. आणि दिवाळीत एक गिऱ्हाईक आलं : वाडा पाडून तीन मजली लॉज बांधायचंय, खाली रेस्टॉरंट. नवेगावबांधला पर्यटक येतात, इटियाडोहला येतात, प्रतापगडला महाशिवरात्रीला यात्रा भरते, झाडीपट्टीच्या नाटकांच्या सीझनमध्ये पाहुणे असतात. राहायची सोय मात्र अगदी थोडी. त्याचं गणित चुकीचं नाहीये.

मी अर्थातच भडकले. इतिहासाचा पॉडकास्ट करणारी पोरगी घरचाच वाडा पाडू देईल का? मी वारसा, संस्कृती वगैरे मोठे शब्द वापरले. मोठेबाबा शांतपणे म्हणाले, "बाई, तू मुंबई-पुण्याच्या गोष्टी सांगतेस. कवेलू फेरणारा माणूस कोठून आणू थे सांग."

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून मी शोधायला बसले की जुनी इमारत विरुद्ध नवं हॉटेल हे भांडण आपल्या राज्यात आधी कुठे झालंय आणि त्यातून काय निघालं. आणि गंमत म्हणजे सुरुवातीलाच उलटी गोष्ट सापडली. एक अख्खा किल्ला पाडला गेला, म्हणून त्या जागेवर हॉटेल उभं राहू शकलं, आणि आता त्याच हॉटेलला वारसा म्हणून वाचवायची धडपड चाललीय.

मुंबईत चर्चगेट स्टेशन आहे. तिथे चर्च कुठेय, गेट कुठेय, असा प्रश्न कधी पडला का? इंग्रजांच्या मुंबईभोवती तटबंदी होती आणि तिला तीन दरवाजे होते : अपोलो गेट, चर्च गेट आणि बाजार गेट. 1860 च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरने ती तटबंदी पाडायला घेतली. शहर फुगलं होतं, आत हवा नव्हती आणि पैसा वाहत होता. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असल्यामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आमच्या विदर्भातला हिंगणघाटचा कापूसही त्यात होता. तट पडला, मोकळ्या झालेल्या जागेचे प्लॉट विकले गेले, आणि त्यातला एक जॉन वॉटसन नावाच्या कापड व्यापाऱ्याने घेतला.

त्याने तिथे जे बांधलं ते ऐकून आजही मजा वाटते. इमारतीचा सांगाडा लोखंडाचा, आणि तो इंग्लंडमध्ये ओतून, जहाजाने आणून, 1867 ते 1869 च्या दरम्यान काळा घोड्याजवळ जोडला. आपण ऑनलाइन मागवलेलं कपाट घरी जोडतो ना, तसं अख्खं हॉटेल. डिझाइन रोलंड ऑर्डिश या इंजिनियरचं. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनच्या प्रचंड छपराच्या कामातही तो होता. 7 जुलै 1896 ला याच वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा सिनेमा दाखवला गेला, भारतातला पहिला. तिकीट एक रुपया. त्याच वर्षी मार्क ट्वेन इथे उतरला होता.

तेव्हा तट पाडल्याबद्दल कोणी रडलं का? फारसं नाही. लोकांना हवा आणि रस्ते हवे होते. त्या किल्ल्याचा एक लहानसा तुकडा सेंट जॉर्ज हॉस्पिटलजवळ उरलाय, आणि त्यात कोण बसतं सांगा? राज्याच्या पुरातत्त्व विभागाचं कार्यालय! म्हणजे जुन्या वास्तू सांभाळणारं खातंच पाडापाडीतून वाचलेल्या तुकड्यात.

पुढे 16 डिसेंबर 1903 ला अपोलो बंदरावर जमशेटजी टाटांचं ताजमहाल हॉटेल उघडलं. टाटांना वॉटसनमध्ये प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधलं, ही रील तुम्ही पाहिलीच असेल. त्या गोष्टीला पक्का आधार नाही, म्हणून मी ती बाजूला ठेवतेय. पक्की गोष्ट मला जास्त आवडते : ताजचा मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य काम पुरं व्हायच्या आधी वारले, ते डब्ल्यू. ए. चेंबर्सने पूर्ण केलं. ताज उभं राहिलं तेव्हा समोर गेटवे ऑफ इंडिया नव्हतं, ते 1924 चं.

आता ही दोन हॉटेलं शेजारी ठेवून बघा. दोन्ही खासगी, दोन्ही श्रीमंतांसाठी बांधलेली, दोन्ही मुंबईच्या त्याच टोकाला. मधल्या शंभर वर्षांत काय झालं?

वॉटसन हॉटेल बंद पडलं. इमारतीचं नाव एस्प्लनेड मॅन्शन झालं आणि आत लहान लहान खोल्या पाडून भाड्याने दिल्या गेल्या. कोर्ट जवळ, त्यामुळे वकिलांची ऑफिसं भरपूर. 1947 चा मुंबईचा भाडे नियंत्रण कायदा आला. त्याच्या पूर्ण नावात हॉटेल आणि लॉजिंग हाऊस हे शब्दही आहेत, हे मला आत्ताच कळलं. या कायद्याने भाडं 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधलं. गरिबाला घरातून हुसकू नये हा त्यातला हेतू चांगलाच होता, त्यावर मी हसणार नाही. पण अशा इमारतींत झालं असं की मालकाला भाडं इतकं थोडं, की डागडुजी कशाला करू? भाडेकरू म्हणे, इमारत माझी नाही, मी कशाला करू? दोघांनीही वर बघितलं नाही. 2005 च्या जुलैत दर्शनी भागाचा, बाल्कन्यांचा काही भाग कोसळला आणि एक माणूस मेला. तोवर इमारत वारसा यादीत होती. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या, जगातल्या 100 धोक्यातल्या वास्तूंच्या 2006 च्या यादीतही तिचं नाव आलं. 2019 मध्ये ती रिकामी केली गेली. आयआयटी मुंबईचा अहवाल म्हणाला पाडा, जतनतज्ज्ञ म्हणाले वाचवता येईल, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं.

यादीत नाव होतं, हे लक्षात घ्या. यादीने भिंत धरून ठेवली नाही.

आणि ताज? ताज हॉटेलच राहिलं. रोज पाहुणा येतो, त्यामुळे रोज कोणीतरी नळ बघतं, छप्पर बघतं, लाकडाला पॉलिश करतं. 2008 च्या हल्ल्यात जुनी इमारत जळली, आणि 15 ऑगस्ट 2010 ला ती पुन्हा उघडली. एवढी दुरुस्ती करायला ऐपत लागते, मान्य. पण त्यासोबत कारणही लागतं. त्या खोल्या पुन्हा भाड्याने जाणार होत्या.

इथे मी जवळजवळ आमच्या गिऱ्हाइकाच्या बाजूची झाले होते. मग ग्रीन्स हॉटेल आडवं आलं. ताजच्या शेजारी ग्रीन्स नावाचं जुनं हॉटेल होतं. आज जिथे ताजचा उंच टॉवर दिसतो ना, 1973 चा, तो ग्रीन्स पाडून उभा केलाय. तेव्हा अडवणारा नियमच नव्हता. एक जुनी इमारत ठेवली, दुसरी गेली, आणि नव्या खोल्या मिळाल्या. हा समतोल म्हणायचा का? मला खात्री नाही. पण मधली वाट अशीच दिसते, अर्धी.

नियम आले ते 20 एप्रिल 1995 ला. मुंबईच्या वारसा इमारतींची श्रेणी ठरली : एक, दोन, तीन. पहिल्या श्रेणीला जवळजवळ हात लावायचा नाही, तिसरीत बदलाला बरीच मोकळीक. पण मालक म्हणणारच ना, माझ्या प्लॉटवर कायद्याने सहा मजले होतात आणि तुम्ही मला दोनवर थांबवता, माझं नुकसान कोण देणार? त्यावर टीडीआर. म्हणजे न बांधलेल्या मजल्यांचा हक्क कागदावर घ्यायचा आणि दुसरीकडे बांधणाऱ्या बिल्डरला विकायचा. डोकं वापरलंय. पण हे चालतं कुठे? जिथे जागेला आग लागल्यासारखा भाव आहे तिथे. आमच्या नगरपंचायतीत वाड्याच्या डोक्यावरची रिकामी हवा कोण विकत घेणार? आणि आमच्या वाड्याचं नाव कुठल्याही यादीत नाही.

थांबा, वारा फार झाला. जागा बदलते.

हं. आता 2019 आठवा. सप्टेंबरमध्ये बातमी आली की राज्य सरकार 25 किल्ले हॉटेलांसाठी आणि समारंभांसाठी भाडेपट्ट्याने देणार. मी कॉलेजात होते, आणि आमच्या ग्रुपवर दोन दिवस दुसरं काही नव्हतं. संताप इतका की सरकारला खुलासा करावा लागला : शिवाजी महाराजांशी जोडलेल्या आणि संरक्षित किल्ल्यांना हात लावणार नाही, विषय फक्त दुसऱ्या वर्गातल्या असंरक्षित किल्ल्यांचा आहे. मीही रागाचे फॉरवर्ड पाठवले होते. आज विचारावंसं वाटतं, त्या असंरक्षित किल्ल्यांची बुरुजं नंतर कोणी बांधली? आमच्यापैकी कोणी गेलं का बघायला?

पण तो राग नुसता वेडेपणाही नव्हता. उत्तर गोव्यात तेरेखोलचा किल्ला आहे, तिथे हॉटेल झालं. 15 ऑगस्ट 1954 ला सत्याग्रहींनी पोर्तुगीजांच्या नाकावर टिच्चून तिथे तिरंगा फडकवला होता. खोलीचं भाडं भरणाऱ्यालाच आत नीट बसता येत असेल, तर वास्तू उभी राहते, गावाची मात्र राहत नाही. लोकांना भीती याची होती.

आणि आमचा वाडा तरी गावाचा कधी होता? हे मला मोठीआईने ऐकवलं. ओसरीवर बसायला कोणाला मिळायचं आणि कोणाला अंगणात उन्हात उभं राहावं लागायचं, हे तिने लग्न होऊन आल्यावर पाहिलंय. सागवानाचे खांब जंगलातून कोणी वाहून आणले, बिगारीत की मजुरीवर, ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. "तुले वारसा दिसते, मले झाडलोट दिसते," असं म्हणाली. मी गप्प.

मालगुजारीचाच धागा धरून घरच्या इतिहासाकडे येते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात जवळपास 7,000 मालगुजारी तलाव आहेत. सगळे मामा तलाव म्हणतात. बांधणीत कोहळी समाजाचं कसब. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने ओळखला जातो. 1951 मध्ये मालगुजारी संपली, आणि ती संपायलाच हवी होती. तलाव सरकारकडे गेले. गाळ काढायचा कोणी, पाळ दुरुस्त करायची कोणी, हे मात्र कोणाचंच काम उरलं नाही. कित्येक तलाव उथळ झाले, बेशरमच्या झुडपांनी भरले. अलीकडे काही तलाव पुन्हा जिवंत झाले ते आमच्याच तालुक्यात, ढिवर समाजाच्या मच्छीमार संस्थांनी बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावल्या म्हणून. मासळीवर त्यांचं पोट आहे. तलाव सुंदर दिसतो म्हणून नव्हे, मासा वाढावा म्हणून त्यांनी तो सांभाळला.

काळा घोड्याची लोखंडी इमारत आणि आमच्या मागचा मामा तलाव, दोघांना एकच आजार झाला होता. मला हे इथे बसूनच सुचलं.

म्हणून परवा मी वेगळा कागद घेऊन मोठेबाबांकडे गेले. त्यावर वारसा हा शब्द लिहिलाच नाही. पुढचा भाग, म्हणजे ओसरी, माजघर आणि सागवानी खांब, ठेवायचा. मागच्या सांदवाडीत आठ नव्या खोल्या, साध्या, वाड्यापेक्षा उंच नाहीत. वाडा विकायचा नाही, भाडेकरार करायचा. करारात एक कलम : दरवर्षी मृगाच्या आधी कवेलू फेरायचे, खर्च लॉजवाल्याचा, नाही फेरले तर करार संपला. दुसरं कलम मोठीआईने घालायला लावलं : ओसरी रविवारच्या बाजाराला सगळ्यांना खुली, चहा घ्या न घ्या.

गिऱ्हाईक म्हणतो आठ खोल्यांत परवडत नाही, चौदा हव्यात. चौदासाठी पहिला मजला लागतो. पुण्याचे काका म्हणतात कशाला लफडं, विकून चार हिस्से करा. मोठेबाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं गेलंय, आणि त्याला पैसे लागणार आहेत. ही गोष्ट मी कुठल्याच कागदावर लिहू शकले नाही.

वडशाकडून एक म्हातारे मिस्त्री येणार आहेत, कवेलू फेरणारे. त्यांच्यासोबत त्यांचा नातू येणार आहे. त्याला ते काम येतं का, हे मोठेबाबा फोनवर तीनदा विचारून बसलेत. सोमवारी कळेल. मी सोमवारपर्यंत इथेच आहे. चला, बॅटरी चार टक्के राहिलीय.