खापरी ते मोहन पार्क

सोमवार, २० जुलै १९४२. नागपूरच्या मोहन पार्कात तुम्ही बायकांच्या दाटीत मांडी घालून बसला आहात आणि गळ्यातलं ओळखपत्र ओढणीखाली सारता आहात. शेजारणीच्या नजरेतून ते सुटत नाही.

"काऊन वं बाई, कोन्या मिलचा बिल्ला हाय हा?"

काय सांगणार? खापरी, तेल्हारा, शिवणगाव तिला ठाऊक असतील, पण तिच्या लेखी तिथं शेतं आहेत. या शेतांवर पुढच्या शतकात मिहान हा उद्योग प्रकल्प उभा राहील, तिथं बायका रात्रपाळीला गाडीतून येतील आणि काचेच्या इमारतीत संगणकावर काम करतील, हे तिला कोणत्या तोंडानं सांगायचं? "लांबची हाय," एवढं पुटपुटता. तिला पुरतं. ती सरकून घेते आणि तुमच्या मांडीला तिची मांडी लागते. तिच्या बोटांना तंबाखूचा वास आहे. विड्या वळणारी असावी.

सोमवार म्हणजे कामाचा दिवस. रोजंदारीवरच्या बाईचा खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी गेली. इथं वीस-पंचवीस हजार बायका जमल्याचं पुढं सांगतील. त्यांतल्या कितीजणींनी मजुरी बुडवली, ते कोणत्याच पावतीपुस्तकात सापडणार नाही. माझ्या मते या परिषदेची सगळ्यांत मोठी वर्गणी तीच.

व्यासपीठावर अध्यक्षा आहेत अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. स्वागताध्यक्षा कीर्तीबाई पाटील. अखिल भारतीय दलित महिला परिषद आहे ही. बाबासाहेबही आले आहेत. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं त्यांच्याकडे येणार, हे याच महिन्यात जाहीर झालंय. मागणी करणाऱ्या आणि मागणी ज्याच्या टेबलावर जाणार तो, दोघं एकाच मांडवात! असा योग मिहानमधल्या कुठल्या बैठकीत आला असेल, तर तो माझ्या कानावर नाही.

ठराव वाचले जातात. घटस्फोटाचा हक्क हवा, एकाहून जास्त बायका करायला बंदी हवी. शेजारीण मान डोलावते. मग कामगार बायकांचा ठराव येतो आणि ती ताठ होते. गिरणी, विडी कारखाना, नगरपालिका, रेल्वे इथल्या बायकांना वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा आणि महिनाभराची हक्काची रजा. इजा झाली तर भरपाई. २० वर्षं नोकरी झाली की महिना १५ रुपये पेन्शन. गिरणीत बायकांवर देखरेखीला बाईच हवी.

"हे भेटन का आपल्याले?" ती तुम्हालाच विचारते.

तुम्ही रजेच्या रकान्यात बोटानं टिचकी मारून सुट्टी टाकणाऱ्या. काय उत्तर द्याल? याच शहरात टाटांच्या एम्प्रेस मिलनं १८८६ साली पेन्शन फंड काढला होता. पण तो मालकाचा चांगुलपणा. विडी कारखान्यातल्या बाईनं असा मालक कुठून आणावा? म्हणून इथं कुणी पदर पसरत नाही. टाळ्यांच्या कडकडाटात नियम मागितला जातोय.

थोडं मागं जा. डिसेंबर १९३७, शहर तेच. अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन भरलंय. शिकल्यासवरलेल्या, देशाचा विचार करणाऱ्या बायका. जेवणाच्या वेळी दलित बायकांची बसायची सोय वेगळी केलेली. त्यांत जाईबाई चौधरी आहेत, नागपूर-कामठी ओझी वाहणारी हमाल ते १९२२ साली चोखामेळा कन्याशाळा काढणारी बाई. १ जानेवारी १९३८ ला दलित बायका स्वतःची सभा घेऊन निषेध करतात. मोहन पार्कची वाट या पंगतीवरून गेली, असं मला वाटतं.

आणखी मागं, १९२१, सीताबर्डी. कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने. कमलाताई बालविधवा, डफरिन इस्पितळात शिकलेल्या परिचारिका. चार खाटांचं प्रसूतिगृह सुरू होतंय, त्याचं नाव मातृसेवा संघ. इथं मात्र देणगीच मागायची. कळा लागलेली बाई कायद्याची वाट बघत थांबत नाही. लोकांनी पैसे दिले, संस्था वाढली, पुढं गावोगावी प्रसूतिगृहं निघाली. १९६१ साली कमलाताईंना पद्मश्री मिळाली. वर्गणीला नाकं मुरडणाऱ्यांनी या चार खाटा मोजाव्यात.

आता मिहान. महिला दिनाच्या निमित्तानं तुमच्या कार्यालयातल्या बायकांनी निधी गोळा करायला घेतलाय. भिंतीवर क्यूआर कोड, खाली यादी: झाडूपोछा करणाऱ्या ताईंच्या मुलींची फी, रुग्णासोबत एम्सला आलेल्या बायकांसाठी जेवण, ताईंच्या लहान मुलांसाठी पाळणाघर. जमा रक्कम बरी आहे. निधीच्या बैठकीला एकही ताई नव्हती. त्या ठेकेदाराच्या, कंपनीच्या नव्हेत, असं कारण कुणीतरी दिलं.

१९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यानं थेट कामावर घेतलेली बाई आणि एजन्सीमार्फत मजुरीवर आलेली बाई, दोघींनाही एकाच व्याख्येत बसवलं. २०१७ च्या दुरुस्तीनं पगारी रजा २६ आठवड्यांची केली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघर बंधनकारक केलं. म्हणजे यादीतल्या तिसऱ्या गोष्टीसाठी तुम्ही लोकांकडून जे मागताय, ते कंपनीचं देणं आहे.

फी आणि जेवण निधीतून द्या. तिथं कमलाताईंचा मार्ग बरोबर आहे. पाळणाघर यादीतून काढा. त्याचं पत्र व्यवस्थापनाच्या नावे लिहा, ठेकेदाराला प्रत लावा, आणि सह्या घेताना पहिली सही ताईंची घ्या. कुणाला लिहिता येत नसेल तर अंगठा चालतो.