नांगर, मोर्तब आणि डावा अंगठा

मराठेशाहीत राजपत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि मजकूर संपताच मोर्तब उमटे. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावर ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरे आहेत. पत्राची हद्द इथे संपली, याखाली कोणी ओळ घुसडू नये, हा त्याचा व्यवहारातला अर्थ. लांब पत्र कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवून होई. मधला बंद बदलता येऊ नये म्हणून पाठीमागे सांध्यावर शिक्का मारत. युक्ती साधी, पण फार हुशारीची.

गावात लिहिता न येणारा पाटील नावाशेजारी नांगर काढी, न्हावी आरसा. मात्र नांगर धंदा सांगे, माणूस नव्हे. शेजारगावच्या पाटलाचाही नांगर तसाच. म्हणून खरी भिस्त गोहीवर, म्हणजे साक्षीदारांवर असे.

१८५८ मध्ये बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने करारावर ठेकेदार राज्यधर कोनाई याच्या पंजाचा ठसा घेतला. सही नाकारू नये, एवढाच हेतू होता. १८७७ पासून हुगळीत तो निवृत्तिवेतनधारकांच्या बोटांचे ठसे घेऊ लागला. मेलेल्याच्या नावावर दुसऱ्याने पैसे उचलण्याला त्यामुळे आळा बसला. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठसे कार्यालय निघाले. सातबाऱ्याच्या व्यवहारांत ‘निशाणी डावा अंगठा’ रुळली.

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत बोटांच्या ठशांशी जोडलेले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. हरवलेला शिक्का नवा पाडता येई. बोट बदलता येत नाही. म्हणून आधारधारकाला आता आपले ठसे कुलूपबंद ठेवता येतात आणि शेवटचे ४ अंकच दिसणारी प्रतही देता येते.