ओळखीची हमी : प्रस्तावना

एखादे मध्यम आकाराचे महाविद्यालय घ्या. प्रवेशाची प्रणाली वेगळी, ग्रंथालयाची वेगळी, मूडल वेगळे, पगारपत्रकाचे सॉफ्टवेअर वेगळे आणि वसतिगृहाची नोंद कुणा माजी विद्यार्थ्याने पीएचपीत लिहून दिलेली. प्रत्येकाचे लॉगिन स्वतंत्र, पासवर्डांचा तक्ता स्वतंत्र. नवा प्राध्यापक रुजू झाला की पाचही ठिकाणी खाती उघडतात, कारण खात्यावाचून त्याचे काम अडते आणि तो स्वतःच मागे लागतो. तो नोकरी सोडून गेला की मागे लागणारे कुणी उरत नाही. तीन खाती बंद होतात, दोन तशीच राहतात.

या पुस्तकाचा विषय त्या दोन खात्यांत आहे.

स्वतःचा आयडेंटिटी प्रोव्हायडर उभारायचा म्हणजे माणूस ओळखण्याचे काम प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनकडून काढून एका सर्व्हरकडे सोपवायचे. मग अ‍ॅप्लिकेशन पासवर्ड विचारत नाही, त्याच्या दृष्टीसही तो पडत नाही. समोरचा कोण, हे ते या सर्व्हरला विचारते आणि त्याच्या सहीनिशी आलेल्या उत्तरावर दार उघडते. हा सर्व्हर सगळ्यांना जामीन राहतो म्हणा ना! आणि जामीन राहणे सोपे, त्यातून वेळेवर सुटणे अवघड, हे ज्याने कधी कुणासाठी सही केली आहे त्याला सांगायला नको. या विषयावरची बहुतेक पुस्तके लॉगिनवर भर देतात. माझ्या मते खरी कसोटी दिलेली हमी परत घेण्यात आहे. वाचकाने पुढची प्रकरणे त्याच नजरेने वाचावीत, अशी सुरुवातीलाच विनंती.

इतिहास थोडक्यात सांगतो. अनेकांनी एकच संगणक वाटून घ्यायचा म्हणून 1960च्या दशकाच्या आरंभी एमआयटीत फर्नांडो कोर्बातो यांच्या सीटीएसएस प्रणालीत पासवर्ड आला, आणि त्याची फजितीही लगेच सुरू झाली. 1962 मध्ये अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने संगणकावर जास्त वेळ मिळावा म्हणून पासवर्डांची फाइलच छापून घेतली. 1966 मध्ये दोन फाइलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला दिवसाच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड दिसले. पुढे 1978 मध्ये रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांनी विश्वासू मध्यस्थाची कल्पना नेमकेपणाने मांडली, आणि तिच्यावर एमआयटीच्याच अथीना प्रकल्पात कर्बेरॉस उभे राहिले. कर्बेरॉसचा मध्यस्थ पासवर्डाऐवजी तिकीट देतो, आणि तिकिटाला मुदत असते. हमीला मुदत हवी, ही या क्षेत्रातली सर्वांत मोलाची कल्पना मला वाटते. मुदत आली की घड्याळही आले. कर्बेरॉसमध्ये दोन यंत्रांच्या घड्याळांत साधारण पाच मिनिटांहून जास्त फरक पडला तर लॉगिन होत नाही, आणि सगळे बरोबर असून असे का होते म्हणून माणसे रात्र जागवतात. आजच्या वेब लॉगिनचीही निम्मी गूढ दुखणी घड्याळ जुळवल्यावर बरी होतात.

वेबवर हा प्रश्न आला तेव्हा आधी एका कंपनीने साऱ्या जगासाठी जामीन राहायचे ठरवले. मायक्रोसॉफ्टचे पासपोर्ट 1999 मध्ये आले, पण प्रत्येक दुकानाच्या दारात हीच कंपनी उभी का, या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हते. विद्यापीठांनी वेगळी वाट धरली : प्रत्येकाने आपल्या माणसांची हमी आपणच द्यायची आणि एकमेकांच्या सहीवर विश्वास ठेवायचा. शिबोलेथ आणि 2005 चे सॅमल 2.0 ही त्या वाटेची फळे. आपल्याकडे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचा इन्फेड हा संघ याच पद्धतीने चालतो. सदस्य महाविद्यालयाची विद्यार्थिनी घरून ई-जर्नल उघडते, यादीतून आपल्या संस्थेचे नाव निवडते, पासवर्ड संस्थेच्याच लॉगिन पानावर देते. प्रकाशकाला तो कधी कळतच नाही. म्हणजे महाराष्ट्रातल्या पुष्कळ वाचकांनी ही यंत्रणा वापरलेली आहे, फक्त तिचे नाव त्यांना कुणी सांगितले नसेल.

आज नवे काम करायचे तर ओपनआयडी कनेक्ट, हे सांगून सॅमलचे बाकीचे प्रकरण मी पुस्तकावर सोपवतो. 2014 मध्ये पक्के झालेले हे मानक 2012 च्या ओऑथ 2.0 वर उभे आहे. नुसत्या ओऑथवर लॉगिन बांधू नये. ओऑथ ‘या अ‍ॅपला अमुक करायला परवानगी आहे’ एवढेच सांगते. समोर कोण बसले आहे, हे सांगत नाही.

एक लॉगिन जवळून पाहू. ग्रंथालयाच्या पानावर तुम्ही ‘लॉगिन’ दाबता. ग्रंथालयाचे अ‍ॅप्लिकेशन एक लांब गुपित अक्षरमाळ तयार करून स्वतःजवळ ठेवते, तिचा हॅश पत्त्याला जोडते आणि ब्राउझरला प्रोव्हायडरकडे पाठवते. पासवर्ड तिथे दिला जातो. प्रोव्हायडर ब्राउझरला परत पाठवतो, पण फक्त आधी नोंदवलेल्या पत्त्यावर, आणि त्याच्या हाती एक अल्पायुषी कोड देतो. मानक म्हणते की हा कोड जास्तीत जास्त दहा मिनिटे जगावा आणि एकदाच चालावा. आता ग्रंथालयाचा सर्व्हर ब्राउझरला बाजूला ठेवून थेट प्रोव्हायडरशी बोलतो, कोड आणि मूळ गुपित देतो आणि सही केलेले टोकन घेतो. वाटेत कुणी कोड चोरला तरी गुपित त्याच्याकडे नसते. टोकनात हमी देणारा कोण, कुणाबद्दल, कुणासाठी आणि कधीपर्यंत हे लिहिलेले असते. यातले ‘कुणासाठी’ तपासायचे राहून जाते. मग वसतिगृहासाठी दिलेले टोकन पगारपत्रकाच्या दारावर चालू लागते.

‘कुणाबद्दल’ याच्याही पोटात एक सापळा आहे. नवशिका प्रोग्रामर वापरकर्त्याला ईमेलवरून ओळखतो, कारण ईमेल वाचता येते. पण एस. पाटील निवृत्त होतात, दोन वर्षांनी दुसरे एस. पाटील रुजू होतात, आणि कार्यालय तोच पत्ता त्यांना देते. पहिल्यांचे सारे अधिकार दुसऱ्यांना वारशात मिळतात. ओपनआयडी कनेक्टमध्ये यासाठी ‘सब’ नावाचा ओळखक्रमांक आहे, आणि तो एकदा दिला की दुसऱ्या कुणाला कधीच द्यायचा नाही, असे मानकाचे बंधन आहे. तो दिसायला ओबडधोबड असतो. अ‍ॅप्लिकेशनच्या तक्त्यात तरीही तोच ठेवावा.

आता पुन्हा मुद्द्यावर. कीक्लोक हे रेड हॅटमध्ये जन्मलेले, 2014 पासून वापरात असलेले मुक्त सॉफ्टवेअर घ्या. त्याच्या मूळ मांडणीत अ‍ॅक्सेस टोकन पाच मिनिटांचे असते, वापर थांबला तर सेशन अर्ध्या तासात संपते, आणि वापर चालू असला तरी दहा तासांच्या पुढे जात नाही. आकडे शहाणपणाचे आहेत. पण लॉगिन झाल्यावर ग्रंथालयाचे अ‍ॅप्लिकेशन स्वतःची कुकी देते, आणि ती महिनाभर जगावी असे कुणीतरी केव्हातरी ठरवलेले असते. सोडून गेलेल्या माणसाचे खाते तुम्ही प्रोव्हायडरवर बंद केले, तरी ग्रंथालय महिनाभर त्याला आत घेत राहील, कारण ते पुन्हा विचारतच नाही. प्रोव्हायडरने मागच्या दाराने अ‍ॅप्लिकेशनांना ‘याला बाहेर काढा’ असे कळवण्याचे मानक अंतिम व्हायला 2022 उजाडले. जोडल्या जाणाऱ्या कितीतरी अ‍ॅप्लिकेशनांना ते अजून ऐकू येत नाही.

हमी माणसाची तशी किल्लीचीही परत घ्यावी लागते. ज्या किल्लीने प्रोव्हायडर सही करतो, ती चोरणाऱ्याला पासवर्डांची गरजच उरत नाही. मायक्रोसॉफ्टची अशी एक किल्ली हेरगिरी करणाऱ्या टोळीच्या हाती लागली आणि 2023 मध्ये तिच्या जोरावर बनवलेल्या टोकनांनी सुमारे 25 संस्थांच्या ईमेल उघडल्या गेल्या, त्यांत अमेरिकी सरकारची खातीही होती. किल्ली 2016 ची होती. ती केव्हाच बाद व्हायला हवी होती.

मग स्वतः उभारावे का? मानके वाचून स्वतः कोड लिहू नये, हे माझे ठाम मत आहे. टोकनाच्या माथ्यावर ‘सही नाही’ असे लिहून आणले तर कित्येक लायब्रऱ्या ते निमूट स्वीकारत होत्या, हे 2015 मध्ये उघड झाले, आणि त्या लिहिणारे लोक कच्चे नव्हते. कीक्लोक, ऑथेंटिक यांसारखे तयार सॉफ्टवेअर चालवणे ही मात्र आवाक्यातली गोष्ट आहे. माणशी भाडे वाचते, माणसांची माहिती आपल्याच यंत्रावर राहते, आणि 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानंतर ती कुठे आहे हे सांगता येणेही कामाचे आहे. त्याची किंमतही आहे : हा एक सर्व्हर बसला की सगळी दारे एकदम बंद. म्हणून बॅकअप, दुसरा सर्व्हर आणि प्रोव्हायडरवाचून चालणारे एक आणीबाणीचे प्रशासक खाते यांचे प्रकरण पुस्तकात स्थापनेच्या आधी ठेवले आहे.

वाचकाला एचटीटीपी, कुकी आणि लिनक्सची जुजबी ओळख आहे एवढे गृहीत धरले आहे. गणिताची भीती नको. सहीचे गणित लायब्रऱ्या करतात. पहिल्या प्रकरणाआधी एवढे करा. आपल्या लॅपटॉपवर डॉकरमध्ये कीक्लोक चालवा, एखादे छोटे अ‍ॅप्लिकेशन त्याला जोडा, एक खोटा वापरकर्ता बनवून आत शिरा. मग प्रशासक म्हणून त्याचे खाते बंद करा, आणि त्याच्या उघड्या खिडकीत पान रिफ्रेश करत घड्याळ लावा. तो बाहेर पडायला किती वेळ लागला, तो आकडा पुस्तकाच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवा.